सर्पगंधा ते सकाळची गोळी

आपल्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सुरू झाला तेव्हा त्यावर मुलांच्या बारशांचे फोटो यायचे. मग शाळाप्रवेश आले, मग मुलांचे दहावीचे निकाल. गेल्या दोन वर्षांत मात्र विषय बदलला आहे. "तुला कुठली गोळी चालू आहे?" "अर्धी की पूर्ण?" "मी महिनाभर घेतली, आता बंद केली. एकदम नॉर्मल आहे." हा तिसऱ्या प्रकारचा मेसेज दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. तो का येतो, हे सांगण्यासाठी हा लेख.

संपादक मंडळाने मला "कॉम्प्युटरमधलं काहीतरी लिही" असं सांगितलं होतं. मी इतिहास लिहिते आहे. आपल्या इतिहासाच्या बाईंना हे वाचून हसू येईल, कारण सनावळ्या माझ्या कधीच लक्षात राहत नसत. या लेखातल्या सनावळ्या मात्र मला पाठ आहेत. त्या मी एका हॉस्पिटलच्या बाकावर बसून, रात्री जागून वाचल्या.

तुमच्यापैकी निम्म्यांचे वडील रेल्वेत होते, तसे माझे बाबाही होते. आमच्या घरी जेवताना बोलणं असायचं ते बँकर इंजिनांचं. कर्जतला गाडीच्या मागे ती जोडायची, बोरघाटातला ३७ ला १ असा चढ त्यांनी ढकलत आणायचा आणि लोणावळ्याला सोडायची. बाबांना वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, निवृत्तीच्या तोंडावर, रक्तदाबाचं निदान झालं. डॉक्टरांनी रोज सकाळी एक गोळी सांगितली. मी तेव्हा हिंजवडीला नोकरी करत होते. पुढे त्यांच्या हातात स्मार्टफोन आला, तेव्हा मी त्यांच्यासाठी एक छोटं अ‍ॅप लिहिलं. सकाळी आठला फोन वाजायचा, बाबा "घेतली" हे बटण दाबायचे आणि माझ्या स्क्रीनवर त्या तारखेसमोर हिरवी टिकली उमटायची. जवळजवळ तीन वर्षं मी हिरव्या टिकल्या पाहत होते. ऑफिसात दाखवतही होते.

२०१७ च्या जुलैमध्ये, ऐन पावसात, बाबांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, बोलणं अडखळलं. कागदपत्रं शोधताना आईला कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात गोळ्यांच्या पाकिटांची चळत होती. बरीच उघडलेलीसुद्धा नव्हती. पुढे बोलता यायला लागल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "बरं वाटत होतं गं. तुला काळजी नको म्हणून बटण दाबायचो."

रागावायचं कुणावर? मी इतिहास वाचायला लागले.

पहिला धागा आपल्या गावातच निघाला. कैवल्यधामच्या फाटकावरून आपण शेकडो वेळा गेलो आहोत. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी ही संस्था १९२४ साली लोणावळ्यात स्थापन केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. आसनांचे गुण गाणारं साहित्य तेव्हाही पुष्कळ होतं. कुवलयानंदांनी ती मोजायची ठरवली. क्ष-किरणांचे प्रयोग झाले. सर्वांगासन, मत्स्यासन करताना रक्तदाबात काय फरक पडतो, याचे प्रयोग १९२६ च्या सुमारास 'योगमीमांसे'त छापून आले. दंडाला पट्टा बांधून पाऱ्याच्या उंचीवर रक्तदाब मोजायची रीत इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये काढली होती आणि स्टेथोस्कोपने आवाज ऐकून तो नेमका करायची रीत रशियाच्या कोरोटकॉफ यांनी १९०५ मध्ये. म्हणजे ही विद्या जगातच नवी असताना लोणावळ्यात तिचे आकडे छापले जात होते. १९२७ मध्ये महात्मा गांधींची प्रकृती ढासळली आणि रक्तदाब वाढल्याचं निदान झालं, तेव्हा त्यांनी कुवलयानंदांशी पत्रव्यवहार करून आसनांबद्दल सल्ला घेतला होता.

रक्तदाब मोजता येत होता. पण वाढलेला उतरवायचा कसा, याचं खात्रीचं उत्तर त्या काळी कुणाकडेच नव्हतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होता. विश्रांती, कमी मीठ, कमी सिगारेटी यापलीकडे डॉक्टरांना फारसं काही करता आलं नाही. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा तो ३००/१९० नोंदवला गेला. जगातल्या सर्वांत शक्तिमान माणसाला जे मिळालं नाही, ते आज लोणावळ्याच्या बाजारपेठेतल्या कुठल्याही औषधांच्या दुकानात मिळतं. या दोन टोकांच्या मध्ये जे घडलं, त्याचा एक मोठा भाग घाटाखाली, मुंबईत घडला.

डॉ. रुस्तम जाल वकील हे मुंबईचे. जन्म १९११. वैद्यकीय शिक्षण लंडनला घेतलं आणि परत येऊन मुंबईत हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम केलं. परळच्या केईएम रुग्णालयाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्यांचा निबंध छापून आला. विषय होता सर्पगंधेच्या मुळाचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम. निबंध पाच-सहा पानांचाच. ५० रुग्ण, चार आठवडे औषध, आधीचा रक्तदाब आणि नंतरचा रक्तदाब. बहुतेकांचा रक्तदाब उतरला होता.

सर्पगंधा ही काही नवी वनस्पती नव्हती. आयुर्वेदात ती होती आणि लोकवैद्यकात झोप न येणाऱ्याला, भ्रमिष्टाला तिचं मूळ देत. दिल्लीत सलिमुझ्झमान सिद्दिकी यांनी १९३१ मध्ये या मुळातून काही द्रव्यं वेगळी काढली आणि त्यातल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून 'अजमलीन' असं नाव दिलं. त्याच वर्षी कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 'उन्माद आणि वाढलेला रक्तदाब यांवर नवं भारतीय औषध' अशा आशयाचा लेख एका भारतीय वैद्यकीय मासिकात लिहिला. म्हणजे वकील यांच्या अठरा वर्षं आधी ही गोष्ट छापलेली होती. तरी जगाने ऐकली ती वकील यांची. एक तर त्यांनी ती अशा ठिकाणी छापली जिथे हृदयरोगाचे डॉक्टर वाचत होते. दुसरं म्हणजे त्यांनी ती रुग्णागणिक आकड्यांत मांडली. बॉस्टनमधला डॉक्टर तेच मूळ आणून, तसेच रुग्ण निवडून ते पडताळू शकत होता.

आणि तसंच झालं. बॉस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध आपल्या रुग्णांना दिलं आणि अमेरिकेत त्याचा प्रसार केला. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये मुळातलं मुख्य द्रव्य वेगळं केलं, तेच रेसर्पीन. १९५४ मध्ये न्यूयॉर्कचे नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिल्याचे निष्कर्ष छापले. १९५७ मध्ये अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला, त्यांत क्लाइन यांच्याबरोबर डॉ. वकील यांचंही नाव होतं. पुढच्या वर्षी पद्मभूषण मिळालं. १९७४ मध्ये ते गेले.

संशोधकांच्या जगात निबंधाचा प्रभाव मोजायची एक रीत आहे. नंतरच्या किती निबंधांनी त्याचा उल्लेख केला, हे मोजायचं. कॉम्प्युटरवाल्यांना ही रीत आवडते, कारण मोजणं सोपं. या मापाने वकील यांचा निबंध मोठाच आहे. पण त्या रात्री मला त्यातला एकच शब्द टोचत राहिला: चार आठवडे. चार आठवडे गोळी कोणीही घेतो. रक्तदाब मात्र माणसाबरोबर तीस-तीस वर्षं राहतो. बाबांनीही पहिले चार आठवडे एकही गोळी चुकवली नव्हती, हे आईला आठवतं.

पाचव्या आठवड्यानंतर काय होतं, हा पुढचा इतिहास आहे. तो कमी ठाऊक आहे.

रक्तदाब औषधाने उतरतो हे कळलं, तरी तो उतरवल्याने माणूस वाचतो का, याबद्दल डॉक्टरांत वाद होता. वय वाढलं की रक्तदाब वाढायचाच, असं मानणारे पुष्कळ होते. याचा निकाल अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत लागला. डॉ. एडवर्ड फ्राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४३ पुरुष निवडले, ज्यांचा खालचा आकडा ११५ ते १२९ होता. निम्म्यांना औषध दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी. औषधं तीन होती आणि त्यातलं एक होतं रेसर्पीन, आपल्या सर्पगंधेचं. १९६७ मध्ये निकाल छापला गेला. औषधाविना असलेल्या गटात २७ जणांना गंभीर आघात झाले, औषध घेणाऱ्या गटात दोघांना.

या प्रयोगातली एक गोष्ट वाचताना मी बाकावरून उठून उभी राहिले. मुख्य प्रयोगाआधी काही महिने सगळ्यांना बिनऔषधाच्या गोळ्या दिल्या होत्या आणि त्यात रिबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, मिसळलं होतं. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की लघवी पिवळीजर्द होते, हे आपल्याला माहीत आहे. अतिनील प्रकाशात ती चमकते. रुग्णाला "गोळी घेतली का?" असं नुसतं विचारण्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी लघवी तपासली, उरलेल्या गोळ्या मोजल्या आणि जे घेत नव्हते त्यांना मुख्य प्रयोगात घेतलंच नाही.

म्हणजे माझ्या अ‍ॅपमधली चूक फ्राइस यांना पन्नास वर्षांपूर्वी ठाऊक होती. मी मोजत होते ते बटण दाबणं. त्यांनी मोजलं ते गोळी पोटात जाणं. आणि ज्यांना त्यांनी प्रयोगातून वगळलं, ती माणसं खऱ्या जगात वगळता येत नाहीत. ती आपल्या घरात असतात. त्यांतले एक माझे बाबा होते.

या वगळलेल्या माणसांचा पहिला नीट अभ्यास कॅनडात हॅमिल्टन या पोलादाच्या गावी झाला. डेव्हिड सॅकेट, ब्रायन हेन्स आणि सहकाऱ्यांनी रक्तदाब असलेल्या २३० पोलाद कामगारांवर दोन सरळ उपाय करून पाहिले. काहींना कारखान्यातच, कामाच्या वेळेत डॉक्टर उपलब्ध केला. काहींना रक्तदाबाची सविस्तर माहिती शिकवली, तीही पक्की होईपर्यंत. १९७५ मध्ये 'लॅन्सेट'ने निकाल छापला. माहिती शिकलेल्यांचं ज्ञान खरंच वाढलं होतं. गोळ्या घेणं मात्र वाढलं नव्हतं. डॉक्टर जवळ आणूनही वाढलं नव्हतं.

पुढच्याच वर्षी त्यांनी, जे गोळ्या घेत नव्हते आणि ज्यांचा रक्तदाबही चढलेला होता, अशा कामगारांसाठी वेगळी वाट धरली. स्वतःचा रक्तदाब घरी स्वतः मोजायचा. तो आणि घेतलेल्या गोळ्या कागदावर लिहायच्या. गोळीची वेळ रोजच्या एखाद्या सवयीला बांधायची. आणि दर पंधरा दिवसांनी एका माणसाला भेटायचं, जो हे सगळं पाहील आणि जमलं असेल तर शाबासकी देईल. तो माणूस डॉक्टर किंवा नर्स असायची गरज नव्हती. या वेळी गोळ्या घेणं वाढलं आणि बहुतेकांचा रक्तदाबही उतरला.

आपल्याकडे यासाठी जुना शब्द आहे: नेम. माझ्या आईने एकादशी कधी चुकवलेली नाही. त्यासाठी तिला कुणी अ‍ॅप दिलं नाही. कॅलेंडर आहे, शेजारच्या काकूंनी हाक मारून विचारणं आहे, साबुदाणा भिजवणं आहे. नेम एकट्याच्या निश्चयावर चालत नाही, तो आजूबाजूच्या दहा गोष्टींनी धरून ठेवलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये या विषयावर मोठा अहवाल काढला. श्रीमंत देशांतही दीर्घकाळाची औषधं जवळजवळ निम्मेच लोक नियमाने घेतात, असं त्यात म्हटलं आहे. दोष एकट्या रुग्णावर ढकलू नका, असंही तो अहवाल बजावतो. औषध मिळतं का, परवडतं का, त्याने त्रास होतो का, कुणी विचारतं का, हे सगळं त्यात येतं. रेसर्पीनचंच पाहा. त्याने नाक चोंदायचं, सुस्ती यायची, काहींना उदास वाटायचं. आज ते जवळपास मागे पडलं आहे आणि त्याहून सोसणारी औषधं आली आहेत.

बाबा आजारी पडले त्याच वर्षी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, भारतात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक सरकारी उपक्रम सुरू झाला. पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले २५ जिल्हे होते आणि महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा व भंडारा त्यात होते. पद्धत साधी. ठरावीक औषधं ठरावीक क्रमाने, केंद्रात औषधाचा साठा कायम, एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या आणि घराजवळच्या केंद्रावर पुन्हा तपासणी. यातल्या बऱ्याच ठिकाणी नर्सताई 'सिंपल' नावाचं अ‍ॅप वापरतात. व्यवसायाने मी त्याची रचना उत्सुकतेने पाहिली. "गोळी घेतली का?" हा त्याचा मुख्य प्रश्नच नाही. ते दोनच गोष्टी पाहतं. माणूस ठरलेल्या तारखेला परत आला का, आणि आज त्याचा रक्तदाब किती आहे. जो आला नाही त्याचं नाव यादीत वर येतं आणि नर्सताई त्याला फोन करते. ते अ‍ॅप रुग्णाची परीक्षा घेत नाही, नर्सताईला आठवण करून देतं. माझ्या अ‍ॅपमध्ये रक्तदाबाचा आकडा नव्हता, आणि फोन करणारं माणूसही नव्हतं. ते माणूस मी व्हायला हवं होतं.

आजारपणानंतर बाबा चार वर्षं होते. अ‍ॅप मी काढून टाकलं. आईने गोळ्यांचं पाकीट चहाच्या डब्याला रबर बँडने बांधून टाकलं, म्हणजे डबा उघडायचा तर पाकीट हातात यायचंच. दर रविवारी मी घरी जाऊन त्यांचा रक्तदाब मोजायचे आणि ते डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरात, तो वहीत लिहायचे. आकडा चांगला आला की मी त्यांना कडक बुंदीचा एक लाडू द्यायचे आणि ते लहान मुलासारखे हसायचे. हॅमिल्टनच्या कामगारांचं मी बाबांना एकदा सांगितलं. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "गाडी नीट चढतेय म्हणून घाटात बँकर सोडत नाहीत." हे वाक्य मला त्यांच्याकडून आठ वर्षं आधी ऐकायला मिळालं असतं, जर मी त्यांना बटणाऐवजी त्यांच्याच भाषेत विचारलं असतं.

डॉ. वकील यांच्या निबंधाचा प्रभाव किती, याचं माझ्यापुरतं उत्तर आता असं आहे. परळहून निघालेली ती गोष्ट लंडन, बॉस्टन, बाझल अशी फिरून आपल्या घरातल्या फडताळापर्यंत आली. तिचा शेवटचा टप्पा फडताळापासून ओठांपर्यंतचा, हातभर लांबीचा. तो कुठलाच संशोधक आपल्यासाठी पार करू शकत नाही. पण शेजारी बसलेला माणूस करायला मदत करू शकतो.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी नावनोंदणीच्या टेबलाशेजारी मी रक्तदाबाचं यंत्र घेऊन बसणार आहे. बाबांची वहीही बरोबर असेल, तिची बरीच पानं कोरी आहेत. सर आणि बाईंना पहिला मान. बाकीच्यांनी रांगेत यायचं, शाळेत यायचो तसं. आणि ग्रुपवर ज्यांनी "बंद केली, एकदम नॉर्मल आहे" असं लिहिलं आहे, त्यांच्यासाठी मी शेजारची खुर्ची राखून ठेवली आहे. गोळी का थांबवली, ते निवांत सांगा. मी रागावणार नाही. फक्त पुढच्या रविवारी फोन करीन.